दोन पाऊस : 'द कॅचर इन द राय' पुन्हा वाचताना

रानजाई

जे. डी. सॅलिंजर यांची 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी १६ जुलै १९५१ रोजी प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून तिची ओळख पौगंडावस्थेतील बंडाची कादंबरी अशीच करून दिली जाते. मीही एकोणिसाव्या वर्षी ती तशीच वाचली होती. शाळेतून काढून टाकलेला सोळा वर्षांचा होल्डन कॉलफील्ड नाताळच्या सुट्टीआधी शनिवारपासून सोमवारपर्यंत एकटाच भटकतो, भेटेल त्याला खोटा ठरवतो, दारू पितो, रडतो आणि शेवटी आजारी पडतो. या मुलाला कशाची कमी आहे, असे म्हणून मी तेव्हा पुस्तक मिटले होते. गेल्या महिन्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ती पुन्हा वाचली आणि मला वाटू लागले की हे पुस्तक आपण सगळेच चुकीच्या कप्प्यात ठेवत आलो आहोत. हे शोकाचे पुस्तक आहे. ज्याला सुतक पाळूच दिले गेले नाही, अशा मुलाची ही गोष्ट आहे.

होल्डनचा धाकटा भाऊ ॲली १८ जुलै १९४६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने गेला. ॲली अकरा वर्षांचा होता, होल्डन तेरा वर्षांचा. त्या रात्री होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि त्याने तिथल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा मुठीने फोडल्या. घरच्यांनी त्याला मनोविश्लेषकाकडे न्यायचे ठरवले. पण त्याच्याजवळ कुणी बसले, असे पुस्तकात कुठेही येत नाही. हाताच्या जखमेमुळे तो रुग्णालयात होता, म्हणून भावाच्या अंत्यविधीलाही त्याला जाता आले नाही. ही गोष्ट तो विसाव्या प्रकरणात, नशेत असताना, जाता जाता सांगतो. पहिल्या वाचनात माझी नजर तिच्यावरून सरळ पुढे गेली होती.

त्याच प्रकरणात पहिला पाऊस आहे. आईवडिलांबरोबर तो ॲलीच्या थडग्यावर गेला असताना दोनदा पाऊस आला. आलेले सगळे लोक धावत आपापल्या गाड्यांत जाऊन बसले, त्यांनी रेडिओ लावले, आता ते कुठेतरी चांगल्या ठिकाणी जेवायला जाऊ शकत होते. ॲली मात्र तिथेच राहिला, त्याच्यावरच्या गवतावर पाऊस पडत राहिला. होल्डनला सहन होत नाही ते हे. मृत्यूपेक्षाही, पाऊस आल्याबरोबर माणसे निघून गेली, हे त्याला सलते.

दुसरा पाऊस अगदी शेवटी येतो. दहा वर्षांची बहीण फीबी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या फिरत्या घोड्यांच्या चक्रावर बसली आहे आणि एकाएकी मुसळधार पाऊस सुरू होतो. इतर मुलांचे आईबाप चक्राच्या छपराखाली धावतात. होल्डन बाकावरून उठत नाही. फीबीने त्याच्या खिशातून काढून त्याच्या डोक्यावर घातलेली लाल टोपी तेवढी त्याला वाचवते. बाकी तो पुरता भिजतो आणि आनंदाने त्याला रडू फुटायचेच बाकी राहते. पुस्तकात याचे स्पष्टीकरण एका शब्दानेही दिलेले नाही, पण दोन्ही पाऊस शेजारी ठेवून वाचले की माझ्या अंगावर काटा येतो. थडग्यापाशी सगळे धावले तेव्हा त्याला काही करता आले नव्हते. इथे सगळे धावतात आणि तो बसून राहतो.

मी हे का लिहिते आहे, तेही सांगते. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. तेरावा होईपर्यंत मला शेजारच्या काकूंकडे ठेवले होते. परत आले तेव्हा तिची वह्या-पुस्तके, फ्रॉक, चपला, काहीच घरात उरले नव्हते. मोठ्यांनी ते माझ्या भल्यासाठी केले असणार, याबद्दल मला आज शंका नाही. पण त्यानंतरची तीन वर्षे मी वर्गात कुणाशी धड बोलले नाही, आणि माझ्या प्रगतिपुस्तकात 'अबोल आहे, मिसळत नाही' एवढाच शेरा दर सहामाहीला येत राहिला.

काळीमाती

रानजाईताई, आपले दुःख मी मनापासून समजू शकतो आणि दोन पावसांचे आपले वाचन मला नवे आहे. तरीही या कादंबरीबद्दलची माझी जुनी तक्रार मी मांडतो, कारण ती मी खरेपणाने बाळगून आहे.

मी जिल्ह्याच्या गावातील सरकारी वसतिगृहात सातवीपासून बारावीपर्यंत राहिलो. एका खोलीत आम्ही चौदा जण होतो. हे पुस्तक मला महाविद्यालयात एका प्राध्यापकांनी दिले आणि मी ते शब्दकोश जवळ ठेवून नेटाने पूर्ण केले. मला सतत एकच प्रश्न पडत होता : या मुलाच्या खिशात एवढे पैसे आहेत म्हणूनच त्याला एकटे राहणे परवडते, असे नाही का? तो हॉटेलात खोली घेतो, टॅक्सीने फिरतो, बारमध्ये बसतो. शाळा सुटली तर दुसरी शाळा आहे; या आधीही त्याच्या शाळा सुटलेल्याच आहेत. आमच्यापैकी एकाची शाळा सुटली असती तर तो सोमवारी ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाला असता.

दुसरे असे की जगाला खोटे म्हणणारा हा मुलगा स्वतः धडधडीत खोटे बोलतो. रेल्वेत भेटलेल्या वर्गमित्राच्या आईला तो भलतेच नाव सांगतो आणि आपल्या मेंदूत गाठ असल्याची थाप मारतो. आपण पट्टीचे थापाडे आहोत, हे तोच कबूल करतो. मग त्याने इतरांचा न्याय कोणत्या अधिकाराने करावा?

रानजाई

काळीमाती, तक्रार योग्य आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. होल्डनचे एकटेपण श्रीमंत घरातले आहे, हे खरेच. मात्र पैशांचा माग धरून पुस्तक पाहा, असे मी सुचवते. सकाळी न्याहारीच्या वेळी भेटलेल्या दोन ख्रिस्ती जोगिणींना तो दहा डॉलर देतो आणि आपण आणखी द्यायला हवे होते म्हणून हळहळतो. पुढे पैसे संपत जातात आणि रात्री चोरपावलांनी घरी शिरून तो फीबीकडे हात पसरतो. तिच्याकडे नाताळसाठी साठवलेले पैसे आहेत. ती आधी आठ डॉलर पंच्याऐंशी सेंट सांगते आणि लगेच दुरुस्ती करते, की पासष्ट सेंट, कारण थोडे खर्च झाले. ते सगळे ती त्याच्या हातात ठेवते आणि इतका वेळ तोऱ्यात बोलणारा हा मुलगा हमसून हमसून रडू लागतो. लहान मुलीने मोजून ठेवलेल्या त्या पैशांपुढे त्याचे सगळे अवसान गळते.

थापांबद्दल मला वाटते ते असे. जिच्याशी तो खोटे बोलतो, त्या बाईला तिचा मुलगा किती लाजाळू आणि भला आहे, हेच तो सांगत बसतो. तो मुलगा प्रत्यक्षात दुष्ट आहे आणि होल्डनला तो मुळीच आवडत नाही. आईला बरे वाटावे म्हणून मारलेली ती थाप आहे. ती त्याला माफ करावी की नाही हे मी आपल्यावर सोडते, पण जगाच्या खोटेपणाबद्दल त्याने जे म्हटले आहे त्यात ती बसत नाही.

शब्दवेल

मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे माझे वाचन शब्दांपाशी अडखळते. या पुस्तकात 'फोनी' या ज्या एका विशेषणाने होल्डन निम्म्या जगाला मोडीत काढतो, त्याला मराठीत काय म्हणावे, यावर मी बरेच दिवस विचार केला आहे. 'ढोंगी' म्हटले तर त्यात हेतू येतो. ढोंगी माणूस जाणूनबुजून ढोंग करतो. 'खोटारडा' म्हटले तर बोलण्यापुरतेच राहते. मला शेवटी 'बेगडी' हा शब्द सापडला. गणपतीच्या मखराला आम्ही लहानपणी बेगड लावत असू. पातळ, चकचकीत कागद, सोन्यासारखा दिसणारा. बोटाचे नख लागले की फाटायचा आणि आतला पुठ्ठा दिसायचा. होल्डनला माणसांत तेच दिसते. बेगड लावणारा दुष्ट असतोच असे नाही, त्याला फक्त उघडा पुठ्ठा चालत नाही.

वाक्याच्या शेवटी 'अँड ऑल' असे शेपूट लावण्याची त्याला सवय आहे. तिथे 'वगैरे' हा शब्द आपोआप येतो, आणि मराठी वाचकाला त्या शब्दाबरोबर कोण आठवेल हे मी सांगायला नको. गंमतीचा भाग बाजूला ठेवू; हे शेपूट कुठे येते ते पाहण्यासारखे आहे. ज्या गोष्टीबद्दल बोलणे जड जाते, तिथेच तो हटकून 'वगैरे' म्हणतो. काचा फोडल्याचे सांगतानाही ते येते. शेवटच्या पावसात निळा कोट घालून गोल गोल फिरणारी फीबी दिसते, तिथेही ते येते. वाक्य पुरे करण्याचे धैर्य संपते तिथे तो 'वगैरे'चा टेकू देतो.

आता शीर्षक. 'राय' म्हणजे आपली राई किंवा मोहरी नव्हे; ते गव्हासारखे उंच वाढणारे धान्य आहे. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या गीतातील 'भेटले' या अर्थाचा शब्द होल्डनच्या मनात 'पकडले' असा बसला आहे. फीबी त्याची चूक दाखवते. त्या चुकलेल्या ओळीवरच त्याचे सारे स्वप्न उभे आहे : मोठ्या शेतात हजारो मुले खेळत आहेत, शेताच्या टोकाला कडा आहे, आणि कड्याकडे धावत येणाऱ्या प्रत्येक मुलाला पकडण्यासाठी तो तिथे उभा आहे. शीर्षकातल्या 'कॅचर'ला मी 'झेलणारा' म्हणेन. ॲलीचा बेसबॉलचा हातमोजा आठवा. ॲली डावखुरा होता. समोर कुणी फलंदाज नसेल तेव्हा मैदानात वाचायला काहीतरी असावे म्हणून त्याने त्या मोज्यावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. झेल घेण्याचा मोजा धाकट्या भावाचा आणि झेलण्याचे स्वप्न थोरल्याचे. आपण चेंडू झेलतो तसा घावही झेलतो, त्यामुळे इंग्रजी शीर्षकात नसलेली एक छटा मराठीत आपसूक मिळते. अनुवाद करताना नेहमी काहीतरी हातचे जात असते. इथे भर पडते, याचे मला फार समाधान वाटले.

तापीकाठ

शब्दवेलताईंनी ज्याचे नाव घेतले नाही, ते मी घेतो. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली, तेव्हा लेखक पंचविशीत होते आणि तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकरही 'उदाहरणार्थ' पंचवीस वर्षांचाच आहे. सॅलिंजरच्या कादंबरीशी तिची तुलना आजवर अनेकांनी केली आहे. बोलीचा बाज, शिक्षणसंस्थांबद्दलची चीड, शहरातले भटकणे, यांवर पुष्कळ लिहिले गेले. रानजाईताईंचा मुद्दा वाचल्यावर मात्र माझ्या मनात पहिली आली ती मनी. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीने जाते. त्या मृत्यूनंतरची पाने मी आजही सलग वाचू शकत नाही. मध्येच पुस्तक उपडे ठेवून मला बाहेर जावे लागते. तोपर्यंत सगळ्याची टर उडवणारा आवाज तिथे उघडा पडतो.

दोन्ही पुस्तकांत धाकटे भावंड जाते आणि निवेदकाच्या बोलण्यातला उपरोध त्या जखमेभोवती वाढतो. यापुढे मात्र दोन्ही वाटा वेगळ्या होतात, असे मला वाटते. होल्डनच्या बाजूने कुटुंब जवळजवळ अदृश्य आहे. वडील तर प्रत्यक्ष प्रसंगात कुठेच येत नाहीत. पांडुरंगच्या बाजूने वडील, शेत, गाव, नातेवाईक यांची अखंड वर्दळ आहे. त्याला एकटे व्हायलाही घराशी झगडावे लागते. काळीमाती म्हणतात तो फरक मी इथे पाहतो. खानदेशातला मुलगा पुण्याहून हरून परत येतो, तेव्हा परत यायला एक गाव असते, आणि ते गाव त्याला समजून घेत नाही हे निराळे. होल्डन स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरतो.

दीपस्तंभ

एक माहिती या चर्चेत यायला हवी. दुसऱ्या महायुद्धात सॅलिंजर ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या यूटा किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यात होते. पुढे ह्युर्टगेन जंगलातल्या भीषण लढाईतून ते गेले आणि १९४५ साली युद्धाच्या मानसिक आघातामुळे न्यूरेंबर्गच्या रुग्णालयात दाखल झाले. होल्डनची काही पाने या काळात त्यांच्याजवळ होती. म्हणजे नाताळच्या सुट्टीतल्या या शाळकरी मुलाची गोष्ट रोज सोबती गमावणाऱ्या सैनिकाच्या हातून घडत होती.

रानजाईताईंच्या मताला याहून मोठा आधार सॅलिंजर यांच्या आधीच्या कथांत आहे. १९४५ साली 'एस्क्वायर' मासिकात आलेल्या एका कथेत व्हिन्सेंट कॉलफील्ड हा सैनिक पावसात ट्रकमध्ये बसला आहे आणि पॅसिफिकमध्ये बेपत्ता झालेल्या आपल्या एकोणीस वर्षांच्या भावाचा विचार त्याच्या डोक्यातून जात नाही. त्या बेपत्ता भावाचे नाव होल्डन. सॅलिंजर यांनी आधी होल्डनला हरवलेला भाऊ म्हणून लिहिले आणि मग कादंबरीत त्यालाच मागे राहिलेला भाऊ केले. पाऊस तेव्हाही होताच.

पाटीपेन्सिल

मी सव्वीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवतो आहे. या पुस्तकातील शिक्षकांचे प्रसंग मी विद्यार्थ्याच्या बाजूने कधी वाचूच शकलो नाही. इतिहासाचे वृद्ध शिक्षक स्पेन्सर नापास झालेल्या होल्डनला घरी बोलावतात आणि त्याचीच उत्तरपत्रिका त्याला मोठ्याने वाचून दाखवतात. हेतू चांगला असतो. मीही असे केले आहे, स्टाफरूममध्ये, इतर शिक्षक ऐकत असताना. मुलगा मान खाली घालून उभा होता आणि मला वाटले होते की त्याला समजते आहे.

सेंट्रल पार्कच्या तळ्यातली बदके हिवाळ्यात तळे गोठल्यावर कुठे जातात, हा होल्डनचा प्रश्न आपल्यापैकी कुणी अजून काढला नाही, म्हणून मी काढतो. स्पेन्सरसरांचे बोलणे चालू असतानाच तो त्याच्या मनात येतो, पण त्यांना तो विचारत नाही. विचारतो ते टॅक्सीवाल्यांना. पहिला त्याला वेडगळ समजून गप्प बसवतो. दुसरा, हॉर्विट्झ नावाचा, चिडतो, बदके सोडून माशांवरच येतो आणि मासे बर्फातच राहतात, निसर्ग त्यांची काळजी घेतो, असे तावातावाने समजावतो. उत्तर धड नाही, स्वरही रागाचा, तरी होल्डन त्याला आपल्याबरोबर दारू प्यायला चल म्हणतो. कारण त्या माणसाने प्रश्न खरा मानला. थंडी पडल्यावर कुणीतरी येऊन त्यांना नेते का, हे त्या मुलाला विचारायचे आहे. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने मला भूगोलाच्या तासाला विचारले होते, की धरणाखाली गेलेल्या गावातली कुत्री कुठे गेली असतील. मी म्हणालो, अभ्यासक्रमातले विचार. तिने त्यानंतर वर्षभर काही विचारले नाही.

अँटोलिनी या दुसऱ्या शिक्षकांबद्दल मी सावधच बोलेन. जेम्स कॅसल हा होल्डनच्या जुन्या शाळेतला मुलगा खिडकीतून उडी मारून गेला, तेव्हा रक्ताची पर्वा न करता त्याला उचलून नेणारे ते एकटेच होते, आणि त्याच्या अंगावर स्वेटर होता तो होल्डनचा. झेलणारा कुणी प्रौढ या पुस्तकात असेल तर ते हे. आणि त्यांच्या घरी झोपलेला होल्डन मध्यरात्री दचकून उठतो तेव्हा त्याच्या केसांवरून हात फिरवत बसलेले असतात तेही हेच. त्याचा अर्थ सॅलिंजर यांनी उघडा ठेवला आहे आणि घाबरलेल्या मुलाने पळ काढला याबद्दल त्याला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही.

काळीमाती

दोन दिवस मी हे सगळे वाचत होतो आणि काल रात्री पुस्तक पुन्हा उघडले. पंचविसाव्या प्रकरणात होल्डन फिफ्थ ॲव्हेन्यूवरून चालतो आहे आणि प्रत्येक गल्लीच्या टोकाला पदपथ सोडून खाली उतरताना त्याला वाटते की आपण दुसऱ्या बाजूला पोहोचणारच नाही, नाहीसे होऊ. तो ॲलीला मोठ्याने विनवतो, की मला नाहीसा होऊ देऊ नकोस. पलीकडे पोहोचला की तो ॲलीचे आभार मानतो. महाविद्यालयात वाचताना हे प्रकरण मी शब्दकोशाच्या नादात पार केले असावे, कारण मला त्यातले काहीच आठवत नव्हते.

पैशांबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही. पण एक प्रसंग लिहितो. आठवीत असताना आमच्या खोलीतला एक मुलगा तापाने गेला. दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता. त्याची पत्र्याची पेटी माझ्या खाटेखाली होती, कारण त्याच्या खाटेखाली ओल येत असे. पेटीवर पांढऱ्या रंगाने त्याचे नाव लिहिलेले होते. त्याचे वडील ती न्यायला अकराव्या दिवशी आले. तोपर्यंत मी रोज रात्री हात खाली सोडून पेटी जागेवर आहे ना, हे चाचपत असे. वडील आले त्या दुपारी आम्हाला मैदानावर पाठवले होते. मला ते दुरून दिसले, पेटी डोक्यावर घेऊन एस.टी.च्या थांब्याकडे चाललेले. पेटीच्या कडीला मी माझे कुलूप लावले होते, आतले सामान कुणी काढू नये म्हणून, आणि किल्ली माझ्या खिशात होती. मी धावत जाऊन ती द्यायला हवी होती. खेळाचे सर शिट्टी वाजवत होते, म्हणून मी रांगेत उभा राहिलो.

ती किल्ली अजून माझ्याकडे आहे.

रानजाई

काळीमाती, आपण हे लिहिलेत याबद्दल मी आपली ऋणी आहे. यावर मी काही म्हणणार नाही, इथेच थोडा वेळ बसते.